हिवाळ्यातील किडे : शोध आणि छायाचित्रण

(पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन येथील केंद्र शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत वाचन, लेखन व गणिती क्रिया यांच्या पंक्तीस 'किडे' हा विषय बसलेला पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. अभ्यासक्रम पुरा करण्याची चिंता, त्यात अहवालांची घाई, आणि त्यातच हे किड्यांचे खूळ कोठून आले, असाही विचार एखाद्याच्या मनात येऊन गेला असेल. तो स्वाभाविक आहे. म्हणून प्रथमच सांगून टाकतो की, हा नवा उपक्रम नव्हे. त्याची माहिती कोणत्याही तक्त्यात भरावयाची नाही आणि त्यासाठी निधीही मागावयाचा नाही. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात जे शिकवावयाचे आहे तेच पुस्तकाबाहेर नेऊन कसे शिकवावे, एवढाच माझा विषय आहे. त्यासाठी लागणारी दोन साधने आपल्यापाशी आहेत. एक आपल्या खिशातील मोबाइल, आणि दुसरे म्हणजे बाहेर पडलेली थंडी.

आपल्या मुलांना किड्यांविषयी आज काय शिकावयास मिळते, याचा थोडा विचार करू. घरी शिकावयास मिळते ते असे की, किडा दिसला की चिरडावा. शाळेत शिकावयास मिळते ते असे की, कीटकांना सहा पाय असतात. पहिले मूल आयुष्यभर विसरत नाही आणि दुसरे परीक्षा होताच विसरते. याचे कारण उघड आहे. सहा पाय त्याने कधी मोजलेलेच नसतात. वर्गाच्या खिडकीच्या चौकटीवर कुंभारमाशी मातीचे घर बांधीत असते आणि आत आपण फळ्यावर कीटकाची आकृती काढीत असतो. मधली भिंत एक वीत जाडीची असते. पण ती ओलांडली जात नाही.

ही केवळ अध्यापनाच्या रीतीची गोष्ट असती, तर मी आपला एवढा वेळ घेतला नसता. आपली मुले शेतकऱ्यांची आहेत. कापूस, मका, सोयाबीन, तूर, हरभरा, करडई यांत त्यांचे बालपण जाते. या पिंपळगावचे नाव तर मिरचीच्या बाजारपेठेमुळे दूरवर गेलेले आहे. कोणता किडा पिकाचा वैरी आणि कोणता सोबती, हे न ओळखता आला तर काय होते, ते मी शाळाभेटींच्या निमित्ताने पाहिले आहे. एका गावी चौथीतील एका मुलाने करडईचे पान शाळेत आणले. पानावर काळपट, लांबोडक्या, अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या अळ्या होत्या. दिसावयास त्या सुसरीच्या पिल्लासारख्या. मुलगा म्हणाला, "गुरुजी, आमच्या करडईवर ही नवी कीड पडली आहे. आबा उद्या फवारणार आहेत." गुरुजींनी त्या अळीचे स्पष्ट छायाचित्र घेतले आणि कृषी सहायकांकडे पाठविले. उत्तर आले की, ही कीड नव्हे. हे ढालकिड्याचे पिल्लू आहे, आणि ते करडईवरचा काळा मावा खात आहे. पाठविलेल्या चित्रात मावाही दिसत होता. मुलाचे लक्ष मात्र मोठ्या अळीकडेच गेले होते. त्या शेतात फवारणी शेवटी झालीच. परंतु ती कडेच्या काही ओळींपुरती, जेथे मावा फार होता तेथे. बाकीचे रान ढालकिड्यांवर सोडले गेले. यात चमत्कार काही नाही. एक चित्र, एक प्रश्न आणि एक दिवसाचा धीर, एवढेच घडले.

फवारणीचे औषध हे विष आहे आणि ते फवारणाऱ्यालाही सोडीत नाही, हे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन पाहिले. तेथे त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या सुमारास शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. औषध कधीच लागत नाही, असे माझे म्हणणे नाही. किडा ओळखल्यावाचून औषधाला हात लावू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि ओळखण्याची सवय लहानपणी लागली तरच लागते.

आता प्रश्न येईल की, किडे तर पावसाळ्यात असतात. मग हिवाळ्यात हा उद्योग कशाला? पावसाळ्यात किडे पुष्कळ, हे खरेच. परंतु नवशिक्या निरीक्षकाला हिवाळाच अधिक सोयीचा. त्याची कारणे क्रमाने सांगतो.

कीटकाच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब सतत टिकून राहत नाही. बाहेरची हवा थंड झाली की त्याचे अंगही थंड पडते आणि हालचाल मंदावते. उडण्यासाठी पंखांचे स्नायू तापावे लागतात. म्हणून पहाटेच्या गारठ्यात फुलपाखरू वाळल्या काडीला पंख मिटून लटकलेले असते, चतुर गवताच्या पात्यावर दवाने न्हालेला बसलेला असतो, आणि मधमाशी फुलातच थिजलेली सापडते. एरवी ज्याच्या मागे मुले मैदानभर धावतात तोच किडा या वेळी स्वस्थ बसून आपले चित्र काढू देतो. ऊन अंगावर आले की फुलपाखरू पंख उघडून सूर्याकडे धरते, थोडा वेळ शेकते आणि उडून जाते. हा शेकण्याचा प्रसंग मुलांनी एकदा पाहिला, म्हणजे 'शीतरक्ताचे प्राणी' या शब्दांचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

दुसरे कारण पानगळीचे. बाभळीची पाने विरळ झाली, गवत वाळले, की जे पावसाळ्यात हिरवळीत दडलेले होते ते उघडे पडते. तिसरे कारण उन्हाचे. आपल्या या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४६ अंशच वर चढतो. त्यामुळे प्रकाश तिरपा पडतो, आणि सकाळी तर तो फारच मऊ असतो. छायाचित्रास असा प्रकाश उत्तम. जेथे शनिवारची शाळा सकाळची भरते, तेथे तर ही वेळ आपल्या हाती आयतीच येते.

थंड देशांतील कीटकांना बर्फाशी झगडावे लागते. काहींच्या अंगात तेथे गोठण्यापासून वाचविणारी द्रव्ये तयार होतात, काही जमिनीत खोल जातात. उत्तर अमेरिकेतील मोनार्क फुलपाखरे हजारो किलोमीटर उडून मेक्सिकोच्या डोंगरांत हिवाळा काढतात. आपल्याकडे बर्फ नाही. पण गारठ्याच्या जोडीला कोरडेपणा आहे, आणि कोवळ्या पाल्याची टंचाई आहे. म्हणून आपले कितीएक कीटक हा काळ अंड्यात, कोषात किंवा झोपी गेलेल्या अळीच्या रूपात काढतात. काही स्थलांतरही करतात. पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या मैदानांवर थव्याने घिरट्या घालणारे पिवळसर चतुर आपण सर्वांनी पाहिले आहेत. हे चतुर ऑक्टोबरनंतर मालदीव बेटांवर उतरतात आणि तेथून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावेत, असे चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ साली मांडले. आपल्या शाळेच्या अंगणावरून जाणारा बोटाएवढा जीव समुद्रापलीकडच्या प्रवासास निघालेला असेल, ही कल्पना भूगोलाच्या तासाला किती उपयोगी पडेल, ते आपणच ठरवा.

आता किडे शोधावयाचे कोठे, ते पाहू. फार लांब जावयास नको. शाळेच्या हद्दीपासूनच आरंभ करावा.

पहिली जागा रुईची. ज्या शाळेजवळ रुईचे एकही झुडूप नाही अशी शाळा माझ्या पाहण्यात नाही. हिवाळ्यात रुईच्या कोवळ्या शेंड्यांवर व पानांच्या मागे पिवळाधमक, काळ्या पायांचा मावा दाटलेला असतो. त्याच झुडपावर मावा खाणारे ढालकिडे, त्यांच्या अळ्या आणि माव्याचा गोड चिकटा चाटावयास आलेल्या मुंग्या दिसतात. माव्याच्या गर्दीत काही मावा फुगून तपकिरी झालेला असतो, आणि त्याच्या पाठीला बारीक भोक असते. एका चिमुकल्या गांधीलमाशीने त्याच्या अंगात अंडे घातले, आतल्या अळीने त्याला पोखरून खाल्ले, आणि ती माशी होऊन बाहेर पडली, अशी ती कथा. रुईची पाने खाणारी पांढऱ्या, काळ्या व पिवळ्या पट्ट्यांची अळीही येथेच सापडते. तिचे पुढे नारिंगी फुलपाखरू होते. रुईतील विष ती आपल्या अंगात साठविते, म्हणून पक्षी तिच्या वाटेस जात नाहीत. कोण कोणाला खातो आणि कोण कोणाला टाळतो, हा सारा पाठ एका झुडपावर मिळतो. मात्र रुईचा चीक डोळ्यास फार अपायकारक आहे. मुलांनी पान तोडू नये, पाहावे; आणि नंतर हात धुवावेत.

दुसरी जागा शाळेची भिंत. छताखाली, खिडकीच्या कोपऱ्यात कुंभारमाशीची मातीची घरे असतात. ज्याला बाहेर पडण्याचे भोक आहे असे जुने घर हलकेच फोडून दाखविल्यास आतील खोल्या दिसतात. ही माशी आपल्या पिल्लासाठी कोळी किंवा अळ्या आणून ठेवते. पण मारून नव्हे, तर डंख करून बधिर केलेल्या. त्यामुळे त्या सडत नाहीत. ओसरीच्या कडेला बारीक कोरड्या मातीत उलट्या शंकूसारखे खड्डे दिसतील. त्यांच्या तळाशी एक अळी मुंगी घसरून पडण्याची वाट पाहत बसलेली असते. या अळीस गावोगावी निरनिराळी नावे आहेत. आपल्या मुलांना ती विचारावीत आणि फळ्यावर लिहावीत. मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांची लोकांच्या तोंडची नावे रानोमाळ फिरून गोळा केली, म्हणून ती आज आपणांस मिळतात. किड्यांच्या नावांसाठीही कोणीतरी तेवढे कष्ट घ्यावयास हवेत.

तिसरी जागा बाभूळ. विरळ झालेल्या फांद्यांना बोटभर लांबीच्या काटक्यांच्या जुड्या लोंबताना दिसतात. मुलांना त्या वाळक्या शेंगा किंवा कचरा वाटतो. प्रत्यक्षात आत एक अळी असते. ती रेशमाचा झगा विणते आणि त्यावर काटक्या चिकटविते. नर पतंग होऊन उडून जातो. मादीला पंख फुटत नाहीत, ती त्या झग्यातच अंडी घालते. याच झाडांच्या सालीवर किंवा कुंपणाच्या काडीवर वाळलेल्या फेसासारखी तपकिरी गाठ सापडली, तर ती प्रार्थनाकीटकाच्या अंड्यांची पिशवी समजावी. एका शाळेत वाचनात मागे पडलेला, शेळ्या राखणारा एक मुलगा होता. काटक्यांचे असे अकरा झगे त्याने एका सकाळी दाखविले आणि बाकीच्या वर्गाला एकही दिसला नव्हता. त्या दिवशी वर्गाने त्याच्याकडून शिकून घेतले. शिक्षकाला याहून अधिक काय हवे?

चौथी जागा परसबाग. शाळेत कढीलिंब किंवा लिंबू असेल तर त्याची पाने उलटी करून पाहावीत. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहान अळी, मोठी झाल्यावर हिरवी होणारी तीच अळी आणि कमरेला रेशमी धागा बांधून फांदीला टेकलेला कोष, अशा अवस्था तेथे मिळू शकतात. एकाच झाडाची आठवड्याच्या अंतराने घेतलेली चार छायाचित्रे भिंतीवर क्रमाने लावली, म्हणजे फुलपाखराच्या जीवनक्रमाचा तक्ता विकत आणावा लागत नाही.

पाचवी जागा शेत. मालकाची परवानगी घेऊन, आणि अलीकडे फवारणी झालेली नाही याची खात्री करूनच तेथे जावे. हरभऱ्याच्या घाट्यात अर्धे अंग खुपसलेली घाटेअळी या दिवसांत दिसते. मक्याच्या पोंग्यात लष्करी अळी दिसते. ही मूळची अमेरिका खंडातील; भारतात ती २०१८ साली प्रथम आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. कपाशीच्या उमललेल्या बोंडांवर लाल ढेकणांची गर्दी असते. न उमललेले किडके बोंड फोडल्यास गुलाबी बोंडअळी सापडते, आणि कधी दोन सरक्या एकमेकींस चिकटवून त्यांत ती झोपलेलीही आढळते. ही अळी अशीच सुप्तावस्थेत पुढच्या हंगामापर्यंत टिकते. म्हणून डिसेंबरअखेर कपाशी काढावी, फरदड घेऊ नये, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर ठेवू नयेत, असे कृषी विभाग सांगत असतो. चिकटलेल्या सरकीचे छायाचित्र पाहिलेल्या मुलास या सूचनेचे कारण समजते, आणि तो ते घरी सांगू शकतो. मिरचीवरील फुलकिडे मात्र मिलिमीटर-दोन मिलिमीटरांचे. मिरचीचे फूल पांढऱ्या कागदावर हलके झटकावे, म्हणजे कागदावर पिवळसर तुकडे चालू लागतात. चुरडा-मुरड्यास कारणीभूत होणारे जीव ते हेच, असे दाखविता येते.

छायाचित्राचे तंत्र फार अवघड नाही. मोबाइल किड्याच्या अगदी अंगाशी नेला तर चित्र अस्पष्ट येते. वीतभर अंतर ठेवावे, चित्र दुपटीने मोठे करावे, पडद्यावर किड्याच्या डोळ्यापाशी बोट टेकवून नेम स्थिर करावा. कोपर गुडघ्यावर टेकून, क्षणभर श्वास रोखून चित्र घ्यावे. आपली सावली किड्यावर पडू देऊ नये. सावली पडताच तो उडतो. सूर्य आपल्या बाजूस असावा आणि समोरच्या बाजूने एक पांढरा कागद धरावा, म्हणजे किड्याची काळोखी बाजूही उजळते. मोबाइलचा दिवा वापरू नये. दवावर व गुळगुळीत पाठीवर त्याची चकाकी येते. विज्ञानपेटीतील भिंग मोबाइलच्या डोळ्यापुढे घट्ट धरले तर माव्याएवढ्या जिवाचेही चित्र मिळते. मात्र तेव्हा अंतर अगदी कमी लागते आणि हात जरासाही हलून चालत नाही.

एका किड्याची तीन चित्रे घ्यावीत : एक वरून, एक बाजूने, आणि एक दुरून, ज्यात तो कोणत्या झाडावर आहे ते दिसेल. एकात शेजारी मोजपट्टी धरावी. सुंदर चित्रापेक्षा हे तिसरे चित्र अनेकदा अधिक उपयोगाचे ठरते. कारण कीटक ओळखताना त्याचे झाड माहीत असणे ही अर्धी ओळख असते. चित्र चांगले यावे म्हणून किड्यास चिकटवून ठेवणे, पाण्यात बुडविणे किंवा शीतकपाटात थिजविणे हे सर्वस्वी वर्ज्य समजावे. ज्या कामात मुलांनी जीव पाहावयास शिकावे, त्याच कामात त्यांनी जिवाचे हाल करावयास शिकू नये.

चित्रापेक्षा नोंद अधिक मोलाची आहे, हे मी आग्रहाने सांगतो. मोबाइलमधील हजार चित्रे वर्षाने निरुपयोगी होतात. कारण ती कोठली व केव्हाची, हे कोणास आठवत नाही. म्हणून प्रत्येक चित्रामागे मुलाच्या हातची पाच वाक्ये असावीत. दिनांक व वेळ, जागा, झाड किंवा पीक, किडा काय करीत होता, आणि मोजलेले पाय. पाय आठ निघाले तर तो कोळी. दवाने मढलेली त्याची जाळी हिवाळ्यात फार सुंदर दिसतात, पण तो कीटक नव्हे, हे मुलाने आपल्या मोजणीने ठरवावे. नाव माहीत नसेल तर जागा कोरी सोडावी. अंदाजाने नाव लिहू नये. 'मला माहीत नाही, आपण शोधू' हे वाक्य शिक्षकाच्या तोंडून ऐकण्यात मुलाचे काहीही नुकसान होत नाही.

नाव विचारावयाचे कोणास? गावचे कृषी सहायक हे पहिले. महाराष्ट्रात २००९-१० पासून कीड-रोग सर्वेक्षणाचा क्रॉपसॅप हा प्रकल्प सुरू झाला, त्यामुळे शेतातील कीड मोजण्याचा अनुभव त्यांना असतो. आपल्या जिल्ह्यात खरपुडी येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, बदनापूर येथे कडधान्यांवर काम करणारे कृषी संशोधन केंद्र आहे, आणि परभणीस कृषी विद्यापीठ आहे. शेताबाहेरच्या किड्यांसाठी आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल यांवर चित्र टाकल्यास जाणकार लोक नाव सुचवितात. तेथे खाते शिक्षकाचे असावे. मुलांची नावे व चेहरे तेथे जाऊ नयेत. २००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये गावाची लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. या कल्पनेस माधव गाडगीळ यांनी आकार दिला. आपल्या मुलांच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या त्या नोंदवहीस जोडता आल्या, तर मुलांच्या श्रमाचे चीज होईल.

काही सावधगिरीच्या गोष्टी संक्षेपाने सांगतो.

१. आग्या मोहोळाच्या आसपास मुलांना नेऊ नये. दगड मारणे, धूर करणे, दिवा पाडणे यांस सक्त मनाई असावी.

२. केसाळ सुरवंटास हात लावू नये. कोणताही अनोळखी किडा बोटाने उचलू नये.

३. दगड उलटावयाचा असल्यास तो शिक्षकांनीच, काठीने, पलीकडची कड उचलून आपल्याकडे कलवावा. म्हणजे खाली विंचू किंवा साप असल्यास मध्ये दगडाचा आडोसा राहतो. पाहून झाल्यावर दगड होता तसा ठेवावा.

४. पायांत चपला-बूट असावेत. विहिरीच्या व ओढ्याच्या काठाने जाऊ नये.

५. फवारणीचे रिकामे डबे, बाटल्या किडे ठेवण्यासाठी कधीही वापरू नयेत. मुलांना त्या हाताळूही देऊ नयेत.

यावर कोणी म्हणेल की, हे शास्त्रज्ञांचे काम, खेड्यातील शिक्षकाचे नव्हे. त्यांस मी एका खेड्यातील शिक्षकाचीच गोष्ट सांगतो. फ्रान्समध्ये झां आंरी फाब्र नावाचा एक तरुण १८४२ साली कार्पांत्रास या लहान गावी प्राथमिक शाळेत शिक्षक म्हणून लागला. घरची गरिबी होती. पुढील शिक्षण त्याने नोकरी करीतच स्वतः अभ्यास करून मिळविले. शेणकिडे, गांधीलमाश्या, सुरवंट यांच्यापाशी तासन् तास बसून त्याने जे पाहिले, ते १८७९ ते १९०७ या काळात दहा खंडांत लिहून काढले. कुंभारमाशीच्या जातीच्या माश्या आपले भक्ष्य मारीत नाहीत, बधिर करतात, हे ज्यांनी बारकाईने पाहून सांगितले त्यांत फाब्र अग्रगण्य होता. उतारवयात त्याचा मुलगा त्याच्यासाठी कीटकांची छायाचित्रे काढीत असे. त्याच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. दगडाधोंड्यांनी भरलेले एक पडीक रान होते. तसे रान आपल्या प्रत्येक गावात आहे.

आपल्या महाराष्ट्रातही हा वारसा आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. दगड, पाने, बिया हीच तेथील साधने झाली. गुरे चारणाऱ्या मुलाला रानाची जी ओळख असते ती शिक्षणातील उणीव नसून भांडवल आहे, हे त्यांच्या कुरणशाळेने दाखविले. आपल्याकडेही कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी रोडावते, हे आपण जाणता. जे मूल शेतातून शाळेत येते त्याच्याजवळचे शेतातले ज्ञान जर शाळेने विचारलेच नाही, तर शाळा आपली आहे असे त्यास वाटावे कसे?

आणि हे सर्व करताना मूळ विषय बाजूस पडत नाहीत. पाच वाक्यांची नोंद हे लेखनच आहे. दुसऱ्याची नोंद वाचून किडा शोधणे हे वाचन आहे. एका शेंड्यावर किती मावा व किती ढालकिडे, याची दर आठवड्याची मोजणी व तिचा स्तंभालेख हे गणित आहे. ढालकिड्याच्या पाठीवरील ठिपके पाहून त्याचे चित्र काढणे ही चित्रकला आहे. कागदावर उतरविताना डोळा दुसऱ्यांदा पाहतो. म्हणून छायाचित्र घेतल्यावर चित्र काढणे सोडू नये.

शेवटी माझी विनंती अगदी थोडी आहे. पुढील आठ शनिवार प्रत्येक शाळेने एकच झाड निवडावे. रुई असो, बाभूळ असो की कढीलिंब असो. दर शनिवारी त्याच झाडापाशी त्याच मुलांनी पंधरा मिनिटे उभे राहावे, जे दिसेल त्याचे छायाचित्र शिक्षकांनी घ्यावे आणि नोंद मुलांनी लिहावी. काहीच दिसले नाही तर 'आज काही दिसले नाही' असे दिनांकासह लिहावे. तीही नोंदच आहे. थंडी ओसरल्यावरच्या आपल्या परिषदेत प्रत्येक शाळेने आपली दहा चित्रे व नोंदवही आणावी, म्हणजे आपल्या केंद्रातील गावांत कोणते किडे कोणत्या झाडावर हिवाळा काढतात, याचे एक छोटे पुस्तक आपल्याच हातून तयार होईल. ते पुढील वर्षीच्या मुलांना वाचावयास देता येईल.

या हिवाळ्याच्या अखेरीस आपल्या वर्गातील एखाद्या मुलाने पान उलटे करून पाहिले, आणि त्यावरचा किडा चिरडण्याऐवजी आधी "गुरुजी, हा कोण?" किंवा "बाई, हा काय खातो?" असे विचारले, तर आपले काम झाले असे मी समजेन. त्या प्रश्नाचे उत्तर त्या मुलाच्या शेतालाही हवे आहे.